पानिपत जिंकलेलं विश्व खरंच कुठं असेल का?

रंकाळा_फेरी (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. आज फेरी संपवून आम्ही पाचजण रंकाळ्याच्या कठड्यावर टेकलो होतो. विषय नेहमीचेच: गुडघे, ऊसदर, खड्डे. तेवढ्यात एकाचा नातू आला. सीबीएसईला अकरावीत आहे. त्यांच्या इंग्रजीच्या पुस्तकात नारळीकर सरांची ती पानिपतची कथा आहे, इतिहासाचा प्राध्यापक मराठे जिंकलेल्या जगात जाऊन येतो ती. पोरानं सरळ विचारलं, "आजोबा, असलं जग खरंच असतंय काय?"

झालं. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, असतंय, विज्ञानानं सिद्ध केलंय. दुसरे म्हणाले, या शास्त्रज्ञांना कामं नाहीत. तिसऱ्यांनी 'अनंत कोटी ब्रह्मांडनायक' काढलं. मी बी.एस्सी. फिजिक्स, पण १९८८ चा. त्यानंतर जन्मभर बँकेत व्हाउचरं तपासली. तरी शायनिंग मारायला दोन शब्द फेकले, 'क्वांटम ग्रॅव्हिटी' आणि 'मल्टिव्हर्स'. पोरगं म्हणालं, "म्हणजे काय?" माझी बोबडी वळली.

तर विचारायचंय ते असं. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम यांचं नेमकं अडलंय कुठं? त्या भांडणातूनच ही अनेक विश्वं निघतात, की दोन वेगळे विषय कुणीतरी एका पिशवीत कोंबलेत? माझं मत आधीच सांगून ठेवतो. जे दिसणार नाही आणि मोजताही येणार नाही, ते कीर्तन. विज्ञान नव्हे. खोडून काढा.

तिखट_कट | ९.५२

पानिपत जिंकलेल्या विश्वात मिसळीबरोबर दुसरा कट फुकट मिळतो का, तेवढं विचारा. सिद्धांत नंतर बघू.

पंचगंगा_पार | ९.५८

आमच्या पेठेच्या संघानं फायनलला पेनल्टी बारवर मारली. ज्या विश्वात ती आत गेली त्याचा पत्ता द्या. भाड्यानं राहायला जातो.

शून्यमात्रा | सकाळी ११.१५

कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळं लांबण लागणार.

आधी अडलंय कुठं ते. आइन्स्टाइनचं १९१५ चं म्हणणं असं, की वस्तुमान जिथं आहे तिथं अवकाशकाळ वाकतो. अणूएवढ्या बारक्या जगाचे नियम सांगणाऱ्या क्वांटमचं म्हणणं असं, की इलेक्ट्रॉन 'इथंही आणि तिथंही' अशा अवस्थेत असू शकतो. मग त्यानं वाकवलेला अवकाशकाळ कुठं वाकलाय? इथं, तिथं, का दोन्हीकडं? प्रश्न शाळकरी वाटतो, पण सगळ्यांना पटलेलं उत्तर आजही नाही.

बरं, गणितानं सोडवू म्हटलं तर उत्तरं अनंत येतात. विजेच्या बलाच्या गणितातही येतात, पण तिथं दोन-चार मोजलेल्या संख्या भरल्या की खातं बंद होतं. गुरुत्वाकर्षणात बंद होत नाही. रंकाळासाहेब, तुम्ही बँकेतले. जुनं कर्ज फेडायला दर खेपेला नवं कर्ज मागणारा गिऱ्हाईक आठवा, आणि त्याची ही साखळी कधीच संपत नाही असं समजा. ही अनंतं शेवटी एकमेकांत कटतील अशी एक आशा होती. १९८६ मध्ये गोरॉफ आणि सॅग्नोटी यांनी गणिताची पुढची पायरी करून दाखवली. कटत नाहीत.

रोजच्या आयुष्यात याची झळ लागत नाही, कारण हे सगळं घडतं ते प्लँक लांबी नावाच्या अतिसूक्ष्म अंतराला. प्रोटॉन फुगवून पृथ्वी-सूर्य अंतराएवढा केला, तरी त्याच प्रमाणात फुगवलेली प्लँक लांबी डीएनएच्या धाग्याच्या जाडीएवढीही भरत नाही.

आता पिशवीचं. होय, कोंबलंय. नारळीकरांच्या कथेतलं जग ज्या जातीचं आहे ती कल्पना, म्हणजे क्वांटम घटनेचे सगळे निकाल वेगवेगळ्या विश्वांत घडतात ही, ह्यू एव्हरेटची, १९५७ ची. ती निव्वळ क्वांटममधून येते, गुरुत्वाकर्षणाचा संबंध नाही. दुसरी जात विश्वाच्या सुरुवातीच्या फुगण्यातून येते. क्वांटम गुरुत्वाला खरी चिकटलेली फक्त तिसरी, सगळे कण म्हणजे सूक्ष्म तारांची कंपनं असं मानणाऱ्या स्ट्रिंगवाल्यांची. म्हणजे मुख्याध्यापक, दुसरे आणि तिसरे वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत होते.

खट्याळ_काकू | ११.४०

मी सगळं वाचलो, निम्मं कळलं. मला एवढंच सांगा, १९९४ ला मी सांगलीचं स्थळ नाकारलो. म्हणजे एका विश्वात मी सांगलीत भडंग करत बसलोय?

वेधशाळा | ११.४४

काकू, 'मी वाचलो', 'मी नाकारलो'. अस्सल कोल्हापूरच्या. पुण्याचे लोक आता काकूंना काका समजणार.

शून्यमात्रा | ११.५१

काकू, तुम्ही नकार दिलात म्हणून विश्वाला फांदी फुटत नाही. एव्हरेटच्या मते फांदी फुटते ती क्वांटम घटनेनं. एखादा किरणोत्सारी अणू फुटला किंवा नाही फुटला, तिथं. तुमचा नकार अशा एका अणूवर टांगलेला होता हे आधी दाखवावं लागेल.

खट्याळ_काकू | ११.५५

अणूवर कसला, मुलाच्या आईच्या बोलण्यावर टांगलेला होता. म्हणजे सांगलीत मी नाही. सुटलो.

धोटा | दुपारी १.२०

इचलकरंजीतनं लिहितोय. चोवीस माग हाईत आमचे. शून्यमात्रा सरांनी धाग्याचं नाव काढलं म्हणून बोलतो.

कापड तपासायला आमच्याकडं घडीचं एक बारकं भिंग असतंय. खाली इंचाची चौकट. कापडावर ठेवायचं, डोळा लावायचा आणि सुईच्या टोकानं आडवे धागे मोजत जायचं. बावन्न भरले तर बावन्न पिकाचं कापड, मजुरी त्याच्यावरच. दहा फुटांवरनं तेच कापड सलग दिसतंय, पाण्यासारखं. भिंगाखाली नुसते धागे. अर्धा पिक कुणी मोजत न्हाई, कारण अर्धा पिक नसतोयच.

मी मागं एक व्याख्यान ऐकलेलं, लूप क्वांटम ग्रॅव्हिटीवर. ते म्हणत होते अवकाश पण असंच विणलेलं हाय. क्षेत्रफळ सरसर वाढत न्हाई, तुकड्यातुकड्यानं वाढतंय. आणि याचं मूळ गणित १९८६ ला ज्यांनी मांडलं ते अभय अष्टेकर, आपल्या शिरपूरचे. तिथं बसल्या बसल्या मला आमचं भिंगच आठवलं. एकच अडचण. आमच्या कापडात दोन धाग्यांच्या मधी भोक असतंय. यांच्यात मधी काय असतंय?

शून्यमात्रा | १.४५

@धोटा, व्वा. आणि उपमा तुमच्या एकट्याची नाही. १९९२ मध्ये अष्टेकर, रोव्हेली आणि स्मोलिन यांनी एक शोधनिबंध लिहिला, त्यात 'विणकाम' हाच शब्द आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर विचित्र आहे. मधे भोक नाही, कारण भोक पडायलाही जागा लागते. जागा म्हणजेच ते धागे. एका चौरस सेंटिमीटरात प्लँक लांबीचे चौरस मोजायचे झाले तर १ वर साधारण ६५ शून्यं. हे पिक मोजायला सुई कुठली आणणार?

निरीक्षक | दुपारी २.३०

आणणार कुठून? तेच तर. जिनिव्हाजवळचं कण एकमेकांवर आदळवणारं २७ किलोमीटर घेराचं यंत्र जी ऊर्जा गाठतं त्याच्या सुमारे १ वर १५ शून्यं इतके पट ऊर्जा प्लँक पातळीला लागते. १९८४ पासून स्ट्रिंग थिअरीचा डंका वाजतोय, चाळीस वर्षांत एक प्रयोग नाही. दहा मिती म्हणे, अकरा मिती म्हणे. सहा कुठं गेल्या विचारलं तर म्हणे गुंडाळून ठेवल्यात. मी रंकाळा_फेरी यांच्याशी सहमत, कीर्तन. कीर्तनात निदान प्रसाद मिळतो.

वेधशाळा | दुपारी ३.१०

प्रयोग नाही हे तितकंसं खरं नाही. यंत्र बांधता येत नसेल तर आकाशातलं वापरायचं.

१० मे २००९ ला अवकाशातल्या फर्मी दुर्बिणीनं एक गॅमा-किरण स्फोट टिपला. त्याचा प्रकाश ७०० कोटींहून जास्त वर्षं प्रवास करून आला होता. त्यात ३१ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या प्रचंड ऊर्जेचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, होता. आता धोटा यांचं कापड घ्या. जाड दोरा त्यावरून ओढला तर गुळगुळीत सरकतो, सुईचं टोक मात्र विणीत अडखळतं. तसंच जास्त ऊर्जेचा प्रकाश अवकाशाच्या विणीत किंचित अडखळत असेल, तर एवढ्या प्रवासात तो मागं पडायला हवा होता. तो बाकीच्या प्रकाशाबरोबर एका सेकंदाच्या आत पोहोचला. म्हणजे वीण प्रकाशाला अडवते असं सांगणाऱ्या सगळ्यात सरळ कल्पना त्या दिवशी बाद झाल्या. लूपवाल्यांचा सिद्धांत पडला नाही, कारण ही अडखळण त्यांच्या गणितातून ठामपणे निघतेच असं नाही. पण प्लँक पातळीचा एक दावा मोजमापानं मारला गेला. कीर्तनात हे होत नाही.

निरीक्षक | ३.२२

मान्य. अर्धं. फोटॉन क्वांटम गुरुत्वाचा झाला, विश्वांचं काय?

उसाचा_फड | सायंकाळी ५.०५

आमचं कागल तालुक्यात गुऱ्हाळ होतं, आता बंद. फुगणाऱ्या विश्वाबद्दल वाचलं तवा मला काहिलच दिसली.

रस काहिलीत पडला की आधी मळी वर येती, ती काढायची. मग चुलवाणात जाळ वाढवला की रस चढतो. बुडबुडे आधी बारके, फुटतात, विझतात. गुळव्या काठाला उभा राहून बुडबुड्याकडंच बघत असतोय, घड्याळाकडं न्हाई. बुडबुडा जड झाला, फुटताना आवाज बदलला की एक थेंब पाण्यात टाकून गोळी बघायची आणि आदण उतरवायचं. चार सेकंद उशीर झाला तर गूळ कडक. तर इन्फ्लेशनवाले म्हणतात तसं आपलं विश्व म्हणजे त्यातला एक बुडबुडा आणि शेजारी बाकीचे. बरोबर काय?

शून्यमात्रा | ५.४०

@उसाचा_फड, बुडबुडे बरोबर, काहिल चुकली. तुमची काहिल तेवढीच राहते, त्यामुळं बुडबुडे एकमेकांना भिडतात आणि शेवटी सगळा रस आटतो. इथं काहिलच वाढत राहते, आणि ती बुडबुड्यांपेक्षा वेगानं वाढते. ॲलन गुथ यांनी १९८० च्या सुमारास फुगवट्याची कल्पना मांडली. पुढं लिंडे वगैरे मंडळींच्या लक्षात आलं, की बऱ्याच गणितांत फुगवटा एकदा सुरू झाला की सगळीकडं एकदम थांबतच नाही. इथं गूळ झाला, तिथं अजून रस उकळतोय, आणि उकळणारा रस कायम जास्तच. गुळव्याला घरी जायला मिळत नाही.

तपासायचं कसं? दोन बुडबुडे कधीकाळी भिडले असतील तर सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमीवर, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून आकाशभर उरलेल्या मंद प्रारणावर, गोल वण राहायला हवेत. लोकांनी शोधले. पटण्यासारखं काही सापडलेलं नाही. आणि घाई केली तर काय होतं तेही पाहिलं. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीनं फुगवट्याच्या काळातल्या गुरुत्वलहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं. वर्षभरात कळलं, ती बरीचशी आपल्याच आकाशगंगेतली धूळ होती.

तिखट_कट | ५.४८

मळी न काढता गूळ विकला म्हणायचा.

करवीरकर | सायंकाळी ६.३०

एवढं सगळं लिहिलंत, पण आपल्या पूर्वजांनी 'अनंत कोटी ब्रह्मांड' कधीच म्हणून ठेवलंय, याकडं कुणी बघायला तयार नाही. पाश्चात्त्यांनी म्हटलं की विज्ञान, आपण म्हटलं की कीर्तन?

निरीक्षक | ६.३७

कल्पना सुंदर आहे, वाद नाही. पण त्या ओवीतून फोटॉन किती सेकंदांत पोहोचेल ते काढून दाखवा. स्ट्रिंगवाल्यांनाही मी हेच विचारतोय, म्हणजे पक्षपात नाही.

वेधशाळा | ६.४१

तसं बघितलं तर स्ट्रिंगवाले १ वर ५०० शून्यं एवढीच विश्वं म्हणतात. अनंताला कोटीनं गुणलं तरी अनंतच. संत पुढं आहेत.

शून्यमात्रा | रात्री ८.१०

त्या ५०० शून्यांबद्दल सांगतो, कारण क्वांटम गुरुत्व आणि अनेक विश्वं इथंच खरी भेटतात.

गुंडाळलेल्या मिती किती तऱ्हेनं गुंडाळता येतात याचा तो साधारण अंदाज. प्रत्येक तऱ्हेत निसर्गनियमांचे आकडे वेगळे. २००३ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधानं अशी टिकाऊ विश्वं स्ट्रिंगच्या गणितात बसवायची रीत दाखवली. चार लेखकांपैकी एक आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतले संदीप त्रिवेदी.

लोकांना हे मोहात का पाडतं? रिकाम्या अवकाशाची ऊर्जा गणितानं काढली तर प्रत्यक्षापेक्षा १ वर १२० शून्यं इतकी पट जास्त येते. १९८७ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी युक्तिवाद केला: विश्वं असंख्य असतील आणि प्रत्येकात हा आकडा वेगळा असेल, तर जिथं तो फार मोठा आहे तिथं दीर्घिकाच बनणार नाहीत, विचारायला कुणी नसेल. म्हणजे आपल्याला तो छोटा दिसणार, पण शून्यच असायचं कारण नाही. १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वेगावतंय हे कळलं. तो वेग रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेचा धरला, तर आकडा छोटा होता आणि शून्य नव्हता.

निरीक्षक | ८.२५

आंधळ्यानं मारलेला दगड. एकदा लागला.

शून्यमात्रा | ८.३३

असेलही. पण दगड आधी मारलेला होता, हे विसरू नका. आणि स्ट्रिंगवाल्यांची पूर्ण चेष्टा करू नका. हॉकिंग-बेकेन्स्टाइन यांच्या मते कृष्णविवराची एन्ट्रॉपी (आत किती अवस्था दडू शकतात याचं माप) त्याच्या पृष्ठभागाच्या एक चतुर्थांशाला बांधलेली आहे. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी स्ट्रिंगच्या अवस्था एकेक मोजून काही खास कृष्णविवरांसाठी नेमका तोच आकडा काढला. अशोक सेन यांचं त्याआधीचं काम याच वाटेवरचं. लूपवाल्यांकडंही क्षेत्रफळाचा नियम येतो, पण तो एक चतुर्थांश जुळवायला त्यांना एक संख्या बाहेरून बसवावी लागते. हा प्रयोग नव्हे. पण दोन वेगळ्या वह्यांतून एकच बाकी निघाली की बँकवाला काय करतो, ते रंकाळासाहेब सांगतील.

रंकाळा_फेरी | रात्री ९.०५

निश्चिंत होतो. आणि मग शंका घेतो, की दोन्ही वह्या एकाच माणसानं लिहिल्या नाहीत ना.

महाद्वार_रोड | सोमवार, सकाळी ७.३०

उशिरा आलो, पण 'मोजता येणं' म्हणजे काय यावर रात्रभर डोक्यात किरणोत्सव फिरत होता.

आमचं दुकान अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. किरणोत्सव कधी? नोव्हेंबरची ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडपातून पुढं सरकतात. पहिल्या दिवशी चरण, मग छाती, मग चेहरा. आता १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत दिवस मोजा. एक्केचाळीस. २२ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत मोजा. एक्केचाळीस. कारण सूर्य दक्षिणेला जाताना ज्या जागी मावळतो, परतताना त्याच जागी मावळतो. बांधणाऱ्यानं एका जागेवर नेम धरला, त्याला दोन मुहूर्त मिळाले.

माझ्या लेखी तपासणी म्हणजे हे. तारीख आधी सांगा आणि गर्दीत उभे राहा. ढग आले, हवेत बाष्प असलं, मधे कुणाची भिंत चढली तर किरण पोहोचत नाही, पण का पोहोचलं नाही तेही सांगता येतं. गेल्या खेपेला किरण कमरेपर्यंत येऊन विझलं, तेव्हा माझ्या शेजारचा माणूस देवीवर नाही, ढगावर चिडला. अनेक विश्ववाल्यांनी मला फक्त त्यांची नोव्हेंबरची तारीख सांगावी.

निरीक्षक | ७.४४

हा प्रतिसाद फ्रेम करा.

शून्यमात्रा | सकाळी ८.२०

@महाद्वार_रोड, आज वर्गात हेच सांगणार. तारीख देणारं एक तरी काम क्वांटम गुरुत्वात आहे, म्हणून सांगतो. २०१७ मध्ये सौगत बोस आणि सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे मार्लेटो आणि व्हेड्रल यांनी एक प्रयोग सुचवला. हिऱ्याचे दोन सूक्ष्म कण, प्रत्येक 'इथंही-तिथंही' अवस्थेत, शेजारी शेजारी. मधे गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसरं बल पोहोचू द्यायचं नाही. ते दोघे क्वांटम अर्थानं एकमेकांत गुंतले, म्हणजे एकाची अवस्था दुसऱ्याला सोडून सांगताच येईना, तर गुरुत्वाकर्षण स्वतः क्वांटम असल्याचा भक्कम पुरावा. प्रयोग फार नाजूक आहे, अजून झालेला नाही. पण बारीक यंत्राचा प्रश्न आहे, दीर्घिकेएवढ्या यंत्राचा नव्हे. माझा पहिला मुद्दा, इलेक्ट्रॉनची जागा दोन तर वाकणं किती, त्याला हा प्रयोग थेट हात घालतो.

अनेक विश्वांना अशी तारीख नाही. आणि खरं तर ती स्वतंत्र सिद्धांत नाहीतच, दुसऱ्या सिद्धांतांची शेपटं आहेत. गाय दिसली, तपासली, दूध दिलं, तर शेपूट मागच्या बाजूला आहे हे न बघताही मानावं लागतं. सध्या गाईचीच चौकशी चालू आहे.

खट्याळ_काकू | ८.३५

शेपूट धरून गाय ओढायला निघालेत म्हणा की सगळे.

करवीरकर | ८.५०

नारळीकर सर जन्मानं कोल्हापूरचे, १९३८ चे, हे कुणी लिहिलंच नाही.

वेधशाळा | ९.०२

@करवीरकर, बरं केलंत. आणि त्यांनी तर महास्फोटच मानला नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर विश्वाचा वेगळा सिद्धांत मांडला. बहुतेकांनी तो नाकारला, कारण सूक्ष्मलहरींची मोजमापं त्याला सोपी गेली नाहीत. म्हणजे त्यांच्या विश्वाला तारीख होती. पानिपतची गोष्ट त्यांनी गोष्ट म्हणूनच लिहिली, ते दोन कप्पे कधी एक केले नाहीत.

रंकाळा_फेरी | मंगळवार, सकाळी ९.१५

आज पोरगं परत आलं होतं. सांगितलं असं: तुझ्या पुस्तकातलं जग क्वांटममधून सुचलेलं आहे, गुरुत्वाकर्षणातून नाही. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम जुळवायचं काम खरं आहे, अडलेलं आहे, आणि त्यात शिरपूरपासून मुंबईपर्यंत आपली माणसं आहेत. बाकीची विश्वं असतील तर असतील, पण त्यांची तारीख अजून कुणी दिलेली नाही. 'कीर्तन' हा शब्द मी मागं घेतला. मुख्याध्यापकांनी 'सिद्ध' मागं घेतला नाही, ते पाठीमागं हात बांधून पुढं चालायला लागले.

पोरगं विश्वांवर एक शब्द बोललं नाही. म्हणालं, ते धागे मोजायचं भिंग बघायला मिळंल काय?

धोटा | ९.४०

घेऊन या की. लाईट असला तर माग चालू दाखवतो. येताना जुना एखादा शर्ट आणा, त्याचेच पिक मोजायला लावतो.